टाळाची दोरी आणि स्टँडचे तीन पाय

टाळ वाजवताना आपण धातू धरत नाही, दोरी धरतो. दिंडीत एकदा जरी टाळ हाती घेतला असेल, तरी हे कुणी शिकवावं लागत नाही. काशाच्या कडेला बोट लागलं की नाद जागीच विझतो आणि दोरीवर मोकळा सोडला की तोच टाळ शेवटच्या ओळीतल्या माणसापर्यंत पोचतो. संत नामदेवांचं नरसी आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं, त्यामुळे इकडे ही गोष्ट पोरांना अक्षरओळखीच्या आधी कळते. ड्रम सेटचे स्टँड कसे निवडावेत हे कुणी विचारलं की मी त्या दोरीपासून सुरुवात करतो. स्टँडचं कामही तेच आहे. झांज हलू द्यायची, पण पडू द्यायची नाही.

जिल्ह्यात ड्रम सेट आता नवलाचा राहिलेला नाही. 14 एप्रिलच्या आगेमागे गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम होतात, गणपतीत ऑर्केस्ट्रा येतात, लग्नसराईत बँजो पार्ट्या धावत असतात, शाळांची गॅदरिंग असतात. मात्र सेट घ्यायला गेलेल्या माणसाची नजर आधी ड्रमच्या चमकत्या रंगावर जाते, मग झांजेवर कोणत्या कंपनीचं नाव आहे त्यावर. स्टँड “सोबत येतात” एवढंच त्याला ठाऊक असतं. माझ्या मते इथेच पैसे चुकीच्या जागी जातात. मध्यम प्रतीचा ड्रम चांगल्या कातड्यावर आणि नीट सुरावर बरा वाजतो. हलणाऱ्या स्टँडवरची महागडी झांज मात्र वर्षभरात तडकते.

थोडं मागे जाऊ. ड्रम सेटचा इतिहास ढोलापेक्षा लोखंडाचा जास्त आहे. हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं आजही चालतात. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची इथे छावणी होती आणि ती फौज 1903 साली ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. आपला लग्नाचा बँड अशाच पलटणींच्या वाद्यवृंदांतून घडला. त्यात मोठा ढोल एकाच्या छातीवर, साइड ड्रम दुसऱ्याच्या कमरेला, झांजा तिसऱ्याच्या हातात. म्हणजे स्टँड होताच, फक्त तो माणसाचा होता. चालताना खड्डा आला की माणूस आपोआप तोल सावरतो, झांज वाजली की मनगट सैल सोडतो.

युरोप-अमेरिकेतल्या बँडवाल्यांनी माणसं वाचवण्यासाठी एक झांज थेट मोठ्या ढोलाच्या डोक्यावरच बसवली. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात जोडीची झांज, आणि दोन्ही वाद्यं एकाच माणसाकडे. गुस्ताव मालर या संगीतकाराने आपल्या पहिल्या सिंफनीत हा बँडचा आवाज मुद्दाम मागितला आहे. पुढे 1909 साली शिकागोत विल्यम लडविग यांनी पायाने वाजवायचं पेडल बाजारात आणलं आणि ढोलवाल्याचे हात मोकळे झाले. 1920 च्या दशकात पायाने मिटणाऱ्या जोडझांजा आल्या. आधी त्या घोट्याइतक्या उंचीवर होत्या. नंतर लांब नळीवर चढून कमरेपर्यंत आल्या, तोच आजचा हाय-हॅट. तिघांचं काम एक माणूस बसून करू लागला, ते या नळ्या, दांडे आणि नटांच्या जोरावर. पण माणसाला जे आपोआप जमायचं, तोल सावरणं आणि सैल सोडणं, ते लोखंडाला येत नाही. ते आपल्याला निवडीतून आणि जोडणीतून आणावं लागतं.

तोलाचं आधी पाहू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

काही वर्षांपूर्वी एका गावी जयंतीच्या कार्यक्रमात मी स्टेजच्या बाजूला उभा होतो. फळ्या टाकून केलेलं स्टेज, वर सतरंजी. तिसऱ्या गाण्यात राइड झांज स्टँडसकट कीबोर्डवर आली. स्टँड नवा होता, नट घट्ट होते, कुणी धक्काही मारला नव्हता. वाजवणारा पोरगा रडवेला झाला आणि सगळे स्टँडच्या कंपनीला नावं ठेवू लागले. मी वाकून पाहिलं, तर झांजेचा आडवा दांडा स्टँडच्या दोन पायांच्या बरोबर मधून बाहेर गेला होता. कंपनीचा दोष नव्हता, भूमितीचा होता.

तीन पायांचा स्टँड सगळीकडून सारखा भक्कम नसतो. समजा, पाय मधल्या नळीपासून 30 सेंटिमीटर बाहेर पसरलेत. ज्या दिशेला पाय आहे, तिकडे आधार 30 सेंटिमीटरवर मिळतो. दोन पायांच्या बरोबर मधल्या दिशेला मात्र तो निम्म्यावर येतो, 15 सेंटिमीटरवर. त्रिकोणाची बाजू मध्यापासून तेवढीच लांब असते. आता स्टँडचं वजन 3 किलो धरा, 20 इंची राइड झांजेचं 2.2 किलो, आणि आडव्या दांड्याने ती झांज मध्यापासून 45 सेंटिमीटर बाहेर नेली आहे. बाकी हिशेब तराजूचा आहे. दांडा दोन पायांच्या मधून गेला, तर झांज आधाराच्या 30 सेंटिमीटर पलीकडे पडते: 2.2 गुणिले 30 म्हणजे 66. तिला सावरायला स्टँडचं वजन फक्त 15 सेंटिमीटर अलीकडे: 3 गुणिले 15 म्हणजे 45. पारडं झांजेकडे झुकतं आणि स्टँड जातो. तोच दांडा एका पायाच्या बरोबर वर आणा. झांज आधाराच्या 15 सेंटिमीटरच पलीकडे राहते, म्हणजे 33. स्टँडची बाजू 3 गुणिले 30, म्हणजे 90. काठीचा जोरदार फटका बसला तरी स्टँड जागचा हलत नाही. पैसा एकही वाढला नाही, फक्त स्टँड फिरवला.

त्या रात्री आम्ही हेच केलं आणि कार्यक्रम पहाटेपर्यंत चालला.

म्हणून दुकानात बूम स्टँड, म्हणजे आडव्या दांड्याचा स्टँड पाहताना प्रथम पाय उघडून जमिनीवर ठेवायचे आणि किती पसरतात ते वितीने मोजायचं. पाय पूर्ण उघडल्यावर मधली नळी जमिनीला टेकता कामा नये. ती टेकली की तीनाचे चार आधार होतात आणि उंचसखल स्टेजवर स्टँड डुगडुगतो. तीन पायांचं टेबल कधी डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं. तोच हा नियम. पायांची पट्टी एकेरी घ्यायची की दुहेरी, यावर दुकानदार दुहेरीचाच आग्रह धरतो. दुहेरी पट्टीचा स्टँड पिळवटत नाही, हे खरं. पण तो जड असतो, आणि ज्या पथकाला रोज पिकअपमध्ये चढ-उतार करायची आहे त्याला सात-आठ स्टँडांचं वजन जाणवतं. हाय-हॅट, स्नेअर आणि राइड यांचे स्टँड दुहेरी घ्यावेत, क्रॅशच्या 16 इंची हलक्या झांजेला एकेरी पुरतो, असं माझं मत आहे. झांज उभ्या दांड्यावर सरळ बसत असेल, तर आडवा दांडा घ्यायचाच नाही. आडव्या दांड्याची गरज फक्त टॉमच्या, म्हणजे सेटमधल्या छोट्या ढोलांच्या, डोक्यावरून झांज पुढे आणायची असते तेव्हा.

पायाखालचे रबरी बूट गेले असतील तर स्टँड सतरंजीवरही सरकतो. आपल्याकडच्या स्टेजला फळ्यांमध्ये फट असते आणि पाय नेमका त्या फटीत जातो. सेट मांडण्याआधी सतरंजीखाली हात फिरवून फटी चाचपाव्यात. आणि पाय फिरवायलाही जागा नसेल, तर उलट्या बाजूच्या पायावर वाळूची पिशवी ठेवली तरी चालतं.

आता सांधे. स्टँडच्या नळ्या एकात एक सरकतात आणि जिथे उंची ठरते तिथे नटाने आवळतात. त्या तोंडाशी आत प्लॅस्टिकचा बुश असायला हवा. बुश नसेल तर पोलाद पोलादावर घसरतं, नट कितीही आवळा, झांज गाण्यागणिक बोटभर खाली येते, आणि मग माणूस आणखी आवळतो आणि नटाचे आटे जातात. स्टँड विकत घेताना वरची नळी काढून तोंडात डोकावून पाहायला लाजू नये. दुसरी वस्तू मेमरी लॉक: नळीवर आवळायचं कडं, त्याची खाच खालच्या तोंडात बसते. एकदा उंची ठरवली की रोज तीच उंची, तोच कोन, आणि नट ढिला झाला तरी नळी खाली जात नाही. हे कडं हरवलं तर हळहळायला नको. मोटारीच्या पाइपला लावतात ती होज क्लिप बसमतपासून सेनगावपर्यंत कुठल्याही पाइपाच्या दुकानात मिळते. नळीच्या मापाची घेऊन स्क्रू-ड्रायव्हरने आवळली की नळी घसरायची थांबते. फक्त कोन रोज डोळ्याने जुळवावा लागतो.

इथेच माझा मुख्य आग्रह सांगतो. आपल्या जिल्ह्यात स्टँड निवडताना तो किती सुंदर आहे यापेक्षा तो इथे दुरुस्त होतो का, हे पाहावं. सध्याच्या बहुतेक स्टँडच्या टोकाला 8 मिलिमीटरचे आटे असतात, काही हलक्या व जुन्या स्टँडना 6 मिलिमीटरचे. दोन्ही मापांचे नट हिंगोलीच्या कुठल्याही नट-बोल्टच्या दुकानात मिळतात. पण काही जुन्या अमेरिकी स्टँडना इंची आटे असतात. ते सेकंडहँड स्वस्त मिळाले तरी रात्री दहा वाजता नट हरवला की त्याला जोड मिळत नाही. दुकानात जाताना खिशात 8 मिलिमीटरचा एक नट ठेवावा आणि टोकावर बोटाने फिरवून पाहावा. सहज उतरला तर घ्यावा.

झांजेचा कोन ठरवणाऱ्या सांध्याला टिल्टर म्हणतात. त्यात दोन प्रकार. एकाला आतून दाते असतात, दात्यागणिक कोन बदलतो. दुसरा गुळगुळीत, हवा तो कोन देतो. दातेरी टिल्टर नट थोडा ढिला झाला तरी दाताला दात अडकवून उभा राहतो, पण नट पुरता न सोडता जोर लावून फिरवला की दात झिजतात, आणि झिजलेले दात लेथवालाही परत घडवून देत नाही. पथकात चार माणसं सामान जोडतात, प्रत्येकाचा हात वेगळा. अशा ठिकाणी मी गुळगुळीत घ्यायला सांगतो.

स्टँडच्या अगदी टोकावर जे चार तुकडे असतात ते सगळे मिळून मूठभर, पण झांजेचं आयुष्य त्यांच्यावर आहे. खाली धातूची वाटी, तिच्यावर नमद्याची चकती (दुकानात फेल्ट मागायचा), मग झांज, वर दुसरी चकती, आणि सगळ्यात वर विंग नट. झांजेच्या भोकातून जाणाऱ्या दांड्यावर प्लॅस्टिकची नळी असते. ही नळी सगळ्यात आधी हरवते, आणि ती हरवल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग आट्यांचा दांडा थेट झांजेला घासतो. आटे म्हणजे एक प्रकारची कानसच. फटक्यागणिक झांज थोडी सरकते आणि भोक एका बाजूला कापलं जातं; काही महिन्यांत गोल भोकाचं कुलपाच्या भोकासारखं लांबट होतं, आणि तिथून तडा निघतो. भोक साधारण 12 मिलिमीटरचं, दांडा 8 चा. मधली जागा भरायला दोन मिलिमीटर जाडीची कुठलीही मऊ नळी चालते. मोटारसायकलच्या पेट्रोलची नळी गॅरेजवाल्याकडून मापाची निवडून इंचभर कापून आणली तर खर्च चहाइतका होतो.

आणि विंग नट. झांज डुलते म्हणून लोक तो आवळतात. डुलायलाच हवी. काठीचा फटका बसला की झांज झुलते आणि फटक्याचा जोर त्या झुलण्यात जिरतो. नट आवळला तर झुलणं थांबतं आणि तोच जोर धातू वाकवण्यात जातो. कासं, म्हणजे तांबं आणि कथील, नाद उत्तम देतं पण वाकवणं सहन करत नाही. एक दिवस कडेला केसाएवढी रेघ दिसते. टाळाला हाताची मूठ लावून कुणी वाजवत नाही, मग झांजेला नटाची मूठ का लावायची? नट लावून झांजेची कड बोटाने खाली दाबा आणि सोडा. ती दोन-तीनदा डुलून थांबली तर नट बरोबर आहे.

टॉमकडे वळू. पाच नगांच्या सेटमध्ये दोन टॉम सहसा मोठ्या ढोलाच्या पाठीवर बसतात. दोन टॉम आणि त्यांचा दांडा मिळून सात-आठ किलो होतात, आणि ते सगळं एका भोकातून प्लायवूडच्या पातळ कवचावर येतं. पिकअप खड्ड्यातून जाताना टॉम तसेच चढवलेले असतील, तर कवचाचे पापुद्रे सुटतात. गावोगाव फिरणाऱ्या सेटचे टॉम प्रत्येक वेळी उतरवावेत, याला पर्याय नाही. टॉम धरणारा वाकडा दांडा कंपन्या वेगवेगळ्या जाडीचा करतात: 9.5, 10.5, 12.7 मिलिमीटर. पर्ल कंपनीची जाड नळी तर 22 मिलिमीटरच्या आसपास असते आणि टॉमच्या पोटात जाते. म्हणून एका कंपनीचा टॉम दुसरीच्या दांड्यावर बसत नाही. जुना सेट सुटा सुटा घेणाऱ्याने दांडा आणि त्याचा कंस एकत्रच घ्यावा, “नंतर बघू” म्हणून सोडू नये.

टॉमच्या कवचात थेट भोक पाडून दांडा बसवला की कवच थोडं मुकं होतं. या त्रासावर अमेरिकेत गॅरी गॉगर यांनी टॉमला त्याच्या रिमच्या स्क्रूंवरून तोलणारा कंस काढला, आणि 1980 च्या दशकात तो पसरला. आज मध्यम किमतीच्या सेटमध्येही असे कंस येतात. हीसुद्धा टाळाची दोरीच. अंग धरायचं नाही, कडेने तोलायचं. पण उघड्या मैदानावर, मोठ्या स्पीकरांच्या गर्दीत हा फरक किती ऐकू येतो, हे ज्याने त्याने आपल्या कामावरून ठरवावं. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावरच्या तशा गर्दीत वाजवणाऱ्याने आधी पायांवर खर्च करावा, या कंसावर नंतर.

बँजो पार्टीची गोष्ट वेगळी. तिथे सेट गाडीवर चढलेला असतो आणि गाडी चालत असते. तीन पायांचे स्टँड चालत्या गाडीवर दोरीने बांधणं धोक्याचं आहे. खाली नाचणारी पोरं असतात. तिथे रॅक हवा, म्हणजे पाइपाची चौकट आणि तिच्यावर क्लँपने बसवलेले टॉम व झांजा. जेफ पोर्कारो या ड्रमरच्या सल्ल्याने पर्ल कंपनीने 1980 च्या दशकात असा रॅक बाजारात आणला, आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी आणला. तयार रॅक महाग पडतो, म्हणून आपले लोक वेल्डिंगवाल्याकडून करून घेतात. त्यात एक हमखास फसगत होते. रॅकचे क्लँप सहसा दीड इंची, म्हणजे 38 मिलिमीटरच्या पाइपाचे असतात. माणूस दुकानात जाऊन पाण्याचा दीड इंची जीआय पाइप आणतो आणि क्लँप बसतच नाही. पाण्याच्या पाइपाचं माप आतल्या पोकळीवरून सांगतात. दीड इंची जीआय पाइप बाहेरून 48 मिलिमीटर भरतो. जिन्याच्या रेलिंगचा स्टीलचा पाइप मात्र बाहेरच्या मापाने विकला जातो. दीड इंची मागितला की 38 मिलिमीटरच मिळतो, गंजत नाही, आणि रेलिंग करणारा कारागीर तो गाडीच्या मापात वाकवूनही देतो. चौकट गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बांधावी, पत्र्याला नाही. प्रत्येक झांजेच्या टोकाला साधा विंग नट न लावता आत नायलॉनची कडी असलेला लॉक नट लावावा, कारण इंजिनच्या थरथरीने साधा नट अर्ध्या वरातीत निघून जातो. फक्त हा लॉक नटसुद्धा झांज डुलेल इतकाच फिरवायचा.

पावसाळ्याआधी स्टँड एकदा पूर्ण सोडवावेत. नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, बुशला मात्र तेल अजिबात नाही, कारण त्याची पकड जाते. एका डब्यात चार विंग नट, आठ फेल्ट, चार तुकडे नळी, दोन होज क्लिपा आणि ड्रमची चौकोनी चावी ठेवावी. हा डबा झांजांच्या पिशवीतच असावा, माणसाच्या खिशात नको. माणूस कधी तरी कार्यक्रमाला येत नाही.

सेट घ्यायला नांदेडला, संभाजीनगरला किंवा पार मुंबईच्या धोबी तलावला जाल, तेव्हा आपली सगळ्यात जड झांज सोबत न्या. जो स्टँड घ्यायचा आहे तो पुऱ्या उंचीवर उभा करा, झांज चढवा, आडवा दांडा दोन पायांच्या मध्ये फिरवा आणि टोकावर काठी मारा. दुकानदार नको म्हणेल, तरी मारा. स्टँड तिथे पडला, तर झांज झेलायला तुम्ही समोर उभे असता.